पात्यावरची दोन नावं

माझा मोठा भाऊ घोडदळात अधिकारी होता. घोडदळ आता नावापुरतंच, त्याच्या हाताखाली रणगाडे होते. त्याच्या लग्नात रेजिमेंटमधल्या सोबत्यांनी तलवार भेट दिली. मुठीजवळ पात्यावर त्याचं आणि वहिनींचं नाव कोरलेलं, खाली लग्नाची तारीख. दोन वर्षांनी तो काश्मीरमध्ये गोळीबारात गेला.

तेराव्यानंतर वहिनी माहेरी निघाल्या, तेव्हा त्यांनी एवढी एकच वस्तू मागितली. आई म्हणाली, "ही उद्या दुसरं लग्न करेल. माझ्या लेकाची तलवार परक्या घरात टांगायची?" वहिनी दारातच उभ्या होत्या. मी आईला अडवायला हवं होतं. त्याऐवजी वहिनींना म्हणालो, "आई आहे तोवर राहू द्या."

"ठीक आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण सांभाळा."

दिल्लीत आमच्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये दर खंडेनवमीला तलवारीची पूजा व्हायची. आई पात्यावर पाणी शिंपडायची, मग हळदकुंकू वाहायची, नेमकं नावांवर. पूजलेलं शस्त्र पुसायचं नाही, असा तिचा नेम. संध्याकाळी ते पातं मी तसंच, दमट, चामड्याच्या म्यानात सरकवायचो. ते वर्षभर तिथेच. पात्याला ओला हात लागला तरी लगेच तेलाने पुसायचं, हे भावाने मला स्वतः दाखवलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी कुंकवाखाली वेगळाच तांबडा डाग दिसला. सणाच्या दिवशी आईची रडारड नको, म्हणून बोललो नाही. पुढे पुढे मी पात्याकडे न बघताच ते म्यानात घालायला लागलो.

या वर्षी आई गेली. महिन्याभराने वहिनींचा फोन आला. त्यांनी पुढे खरंच लग्न केलं, आता नोएडाला असतात. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, आता द्याल?"

मी तलवार उपसली. ती अडकत, खरवडत निघाली. भावाच्या नावाच्या जागी खड्डेच होते. नीट उजेडात धरलं तर दोन-तीन अक्षरं ओळखू येत. वहिनींचं नाव अर्धं शाबूत होतं.

मी त्यांना तसं सांगितलं नाही. जवळच्या मार्केटमध्ये ट्रॉफ्या आणि पाट्या बनवणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदाराने तलवार हातात तोलून बघितली. "क्या अंकल, घोड़ी पे चढ़ना है इस उमर में?" इकडे नवरदेव तलवार घेऊनच घोडीवर बसतो. आजूबाजूचे हसले, मीही हसलो. मग तो म्हणाला, "पहले घिसाई करनी पड़ेगी. गड्ढों पे अक्षर नहीं बैठेंगे." मी म्हणालो, "कर दो." जुन्या फोटोवरून मजकूर लिहून दिला. मशीन पात्यावरून फिरत होतं तेव्हा मी बाहेर जाऊन चहा प्यायलो.

मेट्रोत तलवार नेऊ देत नाहीत, म्हणून टॅक्सीने नोएडाला गेलो. वहिनी घरात एकट्याच होत्या. त्यांनी तलवार मांडीवर घेतली, वीतभर उपसली आणि नावांवरून अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा.

"हे नवीन आहे."

मी सगळं सांगितलं. पूजा, ओलं म्यान, डाग. शेवटी त्यांनी विचारलं, "गंजाखाली काही राहिलं होतं?"

"दोन-तीन अक्षरं. तुमचं अर्धं नाव."

"मग?"

"घासून काढलं."

"भाऊजी, गंजलेली आणली असती तरी मी घेतली असती. तुम्हाला काय वाटलं, मला चकचकीत हवी होती?"

त्यांनी पातं पूर्ण उपसून टेबलावर ठेवलं आणि रिकामं म्यान जवळ घेतलं. त्याच्या टोकाशी जाड दोऱ्याचे वेडेवाकडे टाके होते. "हे त्यांनी शिवलंय. शेवटच्या सुट्टीत, माझ्या डब्यातली सुई घेऊन." मग आत जाऊन त्यांनी एक जुनी चादर आणली, नुसतं पातं तिच्यात गुंडाळलं आणि दोरीने बांधून माझ्या हातात दिलं.

"म्यान मी ठेवते. ही तलवार तुमची, तुम्ही घेऊन जा."