तीन बोटं उंच झालेला एगिदियो

आमच्या रोक्कासेल्वात कारणाशिवाय कुणी चालत नाही. माणूस शेळीमागे चालतो, प्रेतामागे चालतो, आणि सात ऑगस्टला संत दोनातोची मूर्ती खांद्यावर घेऊन चालतो. तेव्हा जोडे शिवणारा एगिदियो एकसष्टाव्या वर्षी रोज सकाळी मोकळ्या हातांनी डोंगरावरच्या क्रुसापर्यंत जाऊन परत यायला लागला, त्या वेळी अर्ध्या गावाने त्याच्या नावाने मेणबत्ती लावली.

दुःख होतं, नाही कशाला म्हणू. आदल्या हिवाळ्यात त्याची बायको असुंता गेली, आणि हा गडी दुकानाचं दार अर्धं ओढून आत अंधारात बसायला लागला. लोकांचे जोडे धूळ खात पडले. दुपारी पास्ता, रात्री पुन्हा पास्ता, त्यावर सॉसेज, लिटरभर वाइन, आणि झोप मात्र नाही. पाठ आधीच चाळीस वर्षं जोड्यांवर वाकून वाकलेली. आता हनुवटी पार छातीला टेकली. हाक मारली तर "हं" म्हणायचा. मी लहानपणापासून त्याच्याशी भांडत आलो, पण त्या दिवसांत तो माझ्याशी भांडायचासुद्धा बंद झाला. मला खरी भीती तेव्हा वाटली.

ईस्टरनंतर मूर्ती वाहणाऱ्या खांदेकऱ्यांची बैठक झाली. सावेरियो आमचा म्होरक्या. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "उस्ताद, या वर्षी तुझा खांदा तुझ्या पुतण्याला दे. चढावर कोसळलास तर संतही तुझ्याबरोबर खाली येतील."

आमच्याकडे खांदा म्हणजे बापाकडून आलेली जागा. वाटेत सोडला किंवा दुसऱ्याला दिला, की त्या माणसाला पुन्हा कधी मिळत नाही. एगिदियोचा आजा मूर्तीच्या त्याच दांडीखाली होता, बाप त्याच दांडीखाली. एगिदियोने मान वर केली (केवढीशी वर होणार ती!) आणि म्हणाला, "सावेरियो, माझा खांदा मी मेल्यावर माग. आज मी फक्त म्हातारा आहे."

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. तिथे नवी डॉक्टरीणबाई होती, पोटेंझा शहरातली, वयाने माझ्या धाकट्या लेकीएवढी. तिने रक्त तपासलं, साखर बघितली आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही दिवसभरात किती पावलं चालता?"

"पलंगापासून स्टुलापर्यंत," एगिदियो म्हणाला.

तिने रोज तासभर चालायला सांगितलं. सकाळ-संध्याकाळ भिंतीला पाठ, टाचा आणि डोकं टेकवून उभं राहायचं, दाराच्या चौकटीला धरून छाती ताणायची. वाइन रविवारी, एक पेला. पास्ता एकदाच, रात्री डाळी, भाज्या.

पहिल्या दिवशी त्याला अर्ध्या वाटेवरच धाप लागली आणि तो दगडावर बसला. खालून बारमधली मंडळी ओरडली, "उस्ताद, पोलीस मागे लागलेत का?"

"तुमच्या बायकांनी बोलावलंय, म्हणून घाईत आहे!" तो वरून ओरडला.

मी तेव्हा बारमध्येच होतो. पेला तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याबरोबर निघालो. एवढं झणझणीत उत्तर त्याने कित्येक महिन्यांत दिलं नव्हतं.

सगळ्यात मोठी लढाई झाली ती त्याच्या बहिणीशी. पाल्मिरा त्याचं जेवण करायची. मसूर आणि पालेभाजी मागितल्यावर तिने कपाळाला हात लावला. "लोक म्हणतील मी भावाला उपाशी मारते! झऱ्यावर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही!"

"मग झऱ्यावर जाऊ नको. नळ आहे ना घरात?"

आठवडाभर ती मसुरात चोरून डुकराची चरबी घालत होती. त्याने वास घेतला, ताट उचललं आणि कोंबड्यांना घातलं. कोंबड्या खूश. पाल्मिरा तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी नुसतं ऑलिव्हचं तेल घातलेला मसूर त्याच्यासमोर आदळला.

जूनपर्यंत तो न थांबता क्रुसापर्यंत पोहोचायला लागला. एका सकाळी वर टेकून बसलो असताना म्हणाला, "लिबोरियो, काल रात्रभर झोपलो. असुंता गेल्यापासून पहिल्यांदा." मग हुंदका देऊन रडला, चांगला ढसाढसा. उतरताना त्याने माझ्या चालण्याची नक्कल केली आणि मला बदक म्हणाला. आमचं भांडण पुन्हा सुरू झालं. दुकानाचं दार त्या दिवशी पूर्ण उघडलं.

आणि पाठ! पाठ सरळ झाली. सगळं गाव बघत होतं. बायका म्हणत होत्या, एगिदियो तरुण दिसायला लागला. पण एवढं दिसूनही कुणाच्या डोक्यात आलं नाही ते आता सांगतो.

चढावर संत तिरके होऊ नयेत म्हणून आमच्याकडे बुटके खांदेकरी पुढे आणि उंच मागे असतात. कोण कुठे, ते डोळ्यांनी ठरत नाही. चर्चच्या आतल्या दारावर प्रत्येकाच्या खांद्याची खूण चाकूने कोरलेली आहे, आणि म्होरक्या त्या खुणांवरून रांग लावतो. एगिदियोची शेवटची खूण दोन वर्षांपूर्वीची, कुबड्या एगिदियोची. सावेरियोने दार वाचलं आणि त्याला पुढे लावलं, बुटक्या बेकर मिमीच्या मागे. सणाआधी दांडीला हात लावणं अशुभ, त्यामुळे आधी उचलून बघायचा प्रश्नच नव्हता.

सात तारखेला बँड वाजला, आम्ही आठ जणांनी मूर्ती उचलली, आणि संत उजवीकडे कलले. डाव्या दांडीचा पुढचा सगळा भार एकट्या एगिदियोवर. मिमीचा खांदा दांडीपासून तीन बोटं खाली, तो बिचारा हात वर करून नुसता लोंबकळत होता. बायका किंचाळल्या, "संत रागावले!"

"एगिदियो, वाक खाली!" सावेरियो ओरडला.

"वाकणार नाही!"

"मग सोड खांदा!"

"सोडणार तर नाहीच!"

"अरे, मरशील!"

"तू तुझं दार सांभाळ, सावेरियो! चार महिने झिजलोय ही पाठ सरळ करायला. संतांसाठी चढेन, तुझ्या खुणेसाठी वाकणार नाही!"

आणि तो चढला. मी मागून बघत होतो. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या, पण पाय लयीत, क्रुसाच्या वाटेवर पडायचे तसेच. चढाच्या पायऱ्या संपेपर्यंत एक पाऊल चुकलं नाही. वरच्या दगडी ओट्यावर आम्ही मूर्ती विसाव्याला टेकवली तेव्हा बँडवाले वाजवायचं विसरून गेले होते.

सावेरियो घाम पुसत आला. एगिदियोसमोर उभा राहिला, आणि बघतो तर त्याला बघायला मान वर करावी लागली. मग घसा खाकरून म्हणाला, "उस्ताद, मागे जा. उंचांमध्ये."

"खांदा माझाच ना?"

"तुझाच. जा आता, अजून चढ बाकी आहे, लोक थांबलेत."

मागच्या उंच लुइजीला पुढे मिमीच्या मागे यावं लागलं, कारण गेल्या काही वर्षांत तो खुर्चीत बसून बसून तेवढाच वाकला होता. एगिदियो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मूर्ती उचलली, संत सरळ राहिले, बँड सुरू झाला.

"पाय उचल, बदका," तो म्हणाला.