साखळी न्याहाळणारा सोबती

आज रथसप्तमी. ज्याच्या रथाला एकच चाक असूनही ज्याची वाट कधी चुकली नाही, त्या श्रीसूर्यनारायणास वंदन करून हे लिहावयास घेतले आहे. परदेशी, ॲन आर्बर गावी, बाहेर बर्फ आहे, सूर्यदर्शन ढगांतूनच घ्यावे लागले. पूर्वेच्या खिडकीजवळ विजेच्या शेगडीवर दूध उतू जाऊ दिले. शेगडी मीच पुसावी अशी कन्येची अट होती, तीही पाळली. अशा दिवशी एका दुचाकीस्वाराची आठवण झाली, ती आपणांस सांगावीशी वाटते.

रस्त्याच्या कडेला सायकल आडवी घालायची, उकिडवे बसायचे, साखळीवर एक बोट ठेवायचे आणि मान न वळवता म्हणायचे, "काका, चेन आवाज करून राहिली. दोन मिनिटं बघतो." आपण त्याला पाहिले असते, तर आपल्याही मनात हेच चित्र राहिले असते. तो मूळचा नागपूरचा, पस्तिशीतला, संगणकाच्या नोकरीत असलेला, आमच्या शेजारच्या घरात राहणारा. मी कन्येकडे राहावयास आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याने आपली दुसरी सायकल मला दिली आणि रविवारी सकाळी तो मला गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्यांवर नेऊ लागला.

ते रस्ते मोठे शांत. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मध्येच एखादे लाल कोठार, एखादे तळे. तासाभरात एखादी गाडी येई आणि चालक हात हलवून जाई. कापलेल्या शेतात उंच, करड्या क्रौंचांची जोडी दिसली की तो पुढून नुसता हात वर करी.

"तुझ्या सायकलीला एखादा वैद्य पाहावयास हवा," मी म्हणे.

"जुनी झाली काका. तुमच्यापेक्षा जास्त कुरकुर करते."

मध्याह्नीची संध्या मी तळ्याकाठी करीत असे. एकदा मी नाक धरून प्राणायामास बसलो असता एक शेतकरी बाई आपला ट्रक थांबवून काळजीने उतरल्या. म्हातारा आजारी पडला, असे त्यांना वाटले. याने हलक्या आवाजात सांगितले, "प्रार्थना चालू आहे. आता होईल." बाईंनी ट्रकचे इंजिन बंद केले. मी डोळे उघडले तेव्हा दोघेही हात बांधून उभे होते, देवळात उभे राहावे तसे.

गेल्या एप्रिलात मात्र मी पडलो. परतीच्या वाटेवर एक लांब चढ आहे. माझा सोबती त्या दिवशी बराच पुढे होता. माझा दम संपला होता, तरी मी हट्टाने पेडल मारीत राहिलो आणि खडीत आडवा झालो. मनगट महिनाभर सुजलेले राहिले. कन्या रागावली नाही, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे मला कळले.

"बाबा, सप्टेंबरमध्ये एकदा जाऊन या," ती म्हणाली. "पण चढावर उतरून चालावं लागलं, तर ती शेवटची राइड. सायकल डोनेट करायची. प्रॉमिस?"

मी शब्द दिला. शब्द दिला की तो पाळावयाचा, हे तिला मीच शिकविले होते.

सप्टेंबरातल्या त्या रविवारी पहिल्या चढाच्या मध्यावर त्याची साखळी नेहमीप्रमाणे कुरकुरली. तो जवळच्या चर्चच्या नळावर बाटल्या भरावयास गेला असता मी सहज त्याच्या सायकलीचे पेडल फिरविले. साखळी स्वच्छ होती, तेल दिलेली होती, आणि तिचा काडीइतकाही आवाज नव्हता. मग ध्यानी आले की ती केवळ चढावरच बिघडे आणि तेही मला धाप लागली की. सत्याचा आग्रह धरणाऱ्या मला या असत्याचा राग यावयास हवा होता. मी पेडल हळूच होते तसे ठेवले आणि तो आल्यावर विचारले, "झाली का नीट?"

"झाली काका. आता त्रास नाही देणार."

परतीच्या त्या लांब चढावर पुन्हा माझा श्वास तुटू लागला. तो मागे वळून पाहत होता. त्याने खाली बसून साखळीला बोट लावण्याआधीच मी उतरलो. तोही उतरला आणि आम्ही दोघे सायकली हाती धरून माथ्यापर्यंत चालत गेलो.

कन्या दारातच उभी होती. तिने मला विचारले नाही, त्याला विचारले. "खरं सांग. बाबा उतरले?"

साखळीची कथा आता येईल असे मला वाटले. खरे सांगावयाचे तर ती यावी असेही वाटले.

"उतरले ताई," तो म्हणाला. "शेवटच्या चढावर. मी पण उतरलो."

"मग ठरल्याप्रमाणे..."

"ताई, एक सांगू? एप्रिलमध्ये पडले ना, तेव्हा ते उतरले नव्हते. आज दम संपला तर कोणी न सांगता उतरले. सायकल आज काढून घेतली, तर कशासाठी काढली म्हणायचं?"

कन्येने माझ्या मनगटाकडे पाहिले. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी किती वाजता निघता? मी पण येते."

"सातला. हेल्मेट आहे का तुमच्याकडे?" त्याने विचारले, जणू हे सारे आधीच ठरले होते.

ऑक्टोबरभर आम्ही तिघे गेलो. चढावर कोणाचीच साखळी कुरकुरली नाही. ज्याला धाप लागे तो तसे सांगे. दिवाळीनंतर नोकरीनिमित्त तो दूरच्या फ्रीमाँट शहरी राहावयास गेला. त्याच्या दारासमोर आता दुसऱ्या कुटुंबाची गाडी उभी असते. आमच्या गॅरेजमध्ये माझ्या सायकलीशेजारी कन्येची नवी सायकल टांगलेली आहे, आणि बर्फ वितळण्याची वाट मी एकटाच पाहत नाही.

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना वेळेवर थांबण्याची बुद्धी होवो, आणि ते थांबतील तेथे त्यांच्यासोबत उतरणारे कोणी आपल्या घरी सदैव असो. आपले व आपल्या कुटुंबीयांचे मंगल होवो.