सतराचा पाढा

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली वस्तीचा सार्वजनिक संडास आहे. रोज सकाळी तिथून एका मुलीच्या खणखणीत आवाजात सतराचा पाढा ऐकू येतो. चहा ढवळताना मला कौतुक वाटायचं. संडासातसुद्धा अभ्यास!

परवा दूध आणायला खाली उतरले तेव्हा पाहिलं. आत पाढा चालू होता आणि बाहेर तिची आई दोन्ही हातांनी दार ओढून धरून उभी होती. दाराला कडी नव्हती.

“हुशार आहे हो तुमची लेक,” मी म्हणाले.

तिनं दार सोडलं नाही. “हुशारी कसली, ताई? मागच्या झरोक्यातून एक जण आत उतरला होता. तोंड दाबलं पोरीचं. मी इथंच दार धरून उभी, नि मला पत्ता नाही. तेव्हापासून सांगून ठेवलंय, आत आहेस तोवर बोलत राहायचं. आवाज थांबला की मी आत घुसणार.”

“पण पाढाच का?”

“आधी गाणं म्हणायची. तर नळावरचे बाप्ये शिट्ट्या मारायला लागले. कडी मागून मागून तर आम्ही थकलो.”

मी दूध घेऊन वर आले. तो झरोका मला ठाऊक होता. वास आमच्या घरांत येतो, मागच्या बाजूला मोठा झरोका पाडा, असा अर्ज आमच्या सोसायटीनं दिला होता. अक्षर चांगलं म्हणून तो मीच लिहिला होता. आठवड्यात काम झालं.

वास आता अजिबात येत नाही. सतराचा पाढा तेवढा ऐकू येतो.