एक जूनला जन्मलेलं गाव

बाबा मार्केट यार्डात हमाल होते. पाठीवर पोतं घेतलं तर त्या दिवसाची हजेरी, नाहीतर नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीमाफीसाठी उत्पन्नाचा दाखला लागत होता, आणि त्यासाठी त्या उन्हाळ्यात बाबांनी तहसील कचेरीत अकरा चकरा मारल्या. कधी साहेब मीटिंगला, कधी तलाठ्याची सही राहिलेली. एकदा कारकून म्हणाला, "मामा, तुमचा अर्ज सापडत नाही, नवीन लिहून आणा." बाबांना लिहिता येत नव्हतं. दाखला हातात पडला तेव्हा प्रवेश बंद होऊन दोन दिवस झाले होते. माझं वर्ष गेलं. आईने विचारलं, "पुढच्या वर्षी हाच चालंल ना गं?" चालला नाही. बाबांनी पुन्हा पहिल्यापासून चकरा मारल्या.

कीव यावी म्हणून हे सांगत नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि त्याचा मला अभिमान आहे. नम्रपणाने तो झाकायला मला जमत नाही.

आता मी अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला राहते. आमची छोटी कंपनी विकसनशील देशांतल्या सरकारी कचेऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. महाराष्ट्रातल्याच एका जिल्ह्याचं काम आलं, दाखल्याचे अर्ज मोबाइलवरून घ्यायचे, तेव्हा ते मी मागून घेतलं. एकाच माणसाने दोनदा अर्ज करू नये म्हणून एक नियम घातला: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की दुसरा अर्ज आपोआप रद्द. आधार जोडायचं काम पुढच्या टप्प्यात होतं, तोवर हे पुरेल असं वाटलं. नियम मीच लिहिला. बॉस खूश, मीही खूश.

एका तालुक्यात चाचणी सुरू झाली. मंगळवारी सकाळी तिथलं सेवा केंद्र चालवणाऱ्या ताईंचा कॉल आला.

"मॅडम, तुमचं यंत्र आमच्या पोरीला खोटं पाडतंय."

"कुठल्या पोरीला?"

"नर्सिंगला चाललीये. शुक्रवारी प्रवेश बंद. तीनदा अर्ज भरला, तिन्ही वेळा रद्द. म्हणतंय, आधीच केलाय."

"मग केला असेल ना?"

"तिने नाही हो, भावकीतल्या दुसरीने. नाव तेच, बापाचं नाव तेच. ग्रामदेवाचंच नाव ठेवलेले चार बाप आहेत आमच्या गावात."

"पण जन्मतारीख?"

ताई हसल्या. "मॅडम, तुम्ही मराठीच ना? दोघी एकाच साली ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्या. एक जून! निम्म्या गावाची एक जूनच आहे."

माझीही एक जूनच. माझ्या भावाचीही. आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी शाळेच्या दाखल्यावर एक जून टाकायचे, म्हणजे जूनमध्ये पोर सहा वर्षांचं भरतं. आईच्या म्हणण्याप्रमाणे मी पोळ्याच्या आसपासची. तरी दरवर्षी एक जूनला मी ऑफिसात केक कापते, सगळ्यांना थँक्यू म्हणते, आणि तीच मी हा नियम लिहून बसले होते. लाज वाटली. कॉल संपवून सरळ बॉसच्या केबिनमध्ये गेले.

त्याला पटेना. "दोन वेगळ्या माणसांचं सगळं कसं जुळेल?"

आमचा नागपूरचा सहकारी दारातच उभा होता. तो म्हणाला, "अरे यार, आमच्याकडे एक जुलै चालते. बाबा आणि दोन्ही काका, तिघांची एक जुलै."

"तिळे?" बॉसने विचारलं.

"नाही. हेडमास्तर एकच होते."

बॉस हसला, पण त्याची काळजी खरी होती. नियम काढला तर दलाल एका माणसाचे चार दाखले काढतील. मी म्हटलं, काढायचा नाहीच. फक्त रद्द करणं मशीनच्या हातात ठेवायचं नाही. जुळलेला अर्ज तलाठ्याकडे जाईल, त्याने अर्जदाराला फोन करायचा, खात्री करायची आणि तीन दिवसांत निकाल द्यायचा. नाही दिला तर अर्ज तहसीलदारांच्या स्क्रीनवर लाल होऊन येईल.

"पुढच्या आठवड्यात टेस्ट करू."

"शुक्रवारी तिचा प्रवेश बंद होतोय."

"एका अर्जासाठी?"

"एका वर्षासाठी. माझं गेलंय, म्हणून मला माहितीय."

त्याने स्क्रीनवर कॅलेंडर उघडलं. मग म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत. टेस्ट फेल झाली तर नाही."

टेस्ट पास झाली. बुधवारी दुपारी आम्ही बदल चढवला आणि तिचा रद्द झालेला अर्ज तलाठ्याकडे पाठवला. गुरुवारी तलाठ्याने मुलीला फोन केला. त्याने तिला काय विचारलं ते ताईंनी मला कळवलं: "तू कुठल्या घरातली? विहिरीजवळची की शाळेमागची?" शाळेमागची, ती म्हणाली. आधीचा अर्ज विहिरीजवळच्या घरातला होता, तेवढ्याने काम झालं.

शुक्रवारी सकाळी दाखला तिच्या मोबाइलवर आला आणि त्याच दिवशी तिचा प्रवेश झाला. आता तो बदल जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांत लागू आहे, आणि तिथे कुणाचाही अर्ज माणसाने बघितल्याशिवाय रद्द होत नाही.