नकाशावर लॉज माझा, नंबर भलत्याचाच

मंडळी, दुपारपासून मला माझीच लाज वाटतेय.

शिर्डीत माझा छोटा लॉज आहे. आज शेवगावकडचं एक म्हातारं जोडपं काउंटरवर आलं. आजोबा म्हणाले, "खोली बुक हाय आमची. पैसे बी पाठवलेत."

माझ्याकडे बुकिंगच नव्हतं. गर्दीत मी भडकलो, "फुकट राहायला दुसरं कोणी सापडलं नाही का?"

आजोबांनी मोबाईल पुढे केला. नकाशावर नाव माझ्या लॉजचं, फोटो माझ्याच पाटीचा. फोन नंबर मात्र कुणीतरी बदललेला. मी तिथे कधी बघतच नाही.

माफी मागून खोली उघडून दिली. आजी हळूच म्हणाल्या, "फोनवर तर तुमी लई गोड बोलला हुता."

गोड बोलणारा तो चोर होता, हे कोणत्या तोंडाने सांगू?