गिऱ्हाइकाकडे तोंड केलेला टॅब

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, साखर वाढली, हातात काठी आली. पण त्या दिवशीचा वरच्या साहेबांचा फोन आठवला की मी पुन्हा ठाण्याच्या खुर्चीत ताठ बसतो. तेव्हा मी नागपुरात महाल भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. नावं कुणाचीच घेणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि ओळखलं तर बरंच होईल.

खबर शहरातल्याच नंदनवन भागातून आली. तिथला एक झेरॉक्सवाला माझ्या जुन्या ओळखीचा. गुरुवारी सकाळी त्याचा फोन आला. "साहेब, पाच-सहा पोट्टे एकच फोटो प्रिंट कराले येऊन राहिले. पेपरवानी दिसते. तुमाले पाठवू का?"

फोटो आला. एका खासगी संस्थेच्या नर्सिंग प्रवेश परीक्षेच्या पेपरचं शेवटचं पान होतं, कुठल्याशा पडद्यावरून टिपलेलं. परीक्षा रविवारी. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, फक्त शेवटचा प्रश्न अर्ध्यावर तुटला होता. फोटो काढताना कापला गेला असेल, असं मला वाटलं. पोरांना विचारलं, तर सगळ्यांचं एकच उत्तर: ग्रुपवर आला, टाकणारा निघून गेला.

मी संस्थेत फोन केला. अर्ध्या तासात त्यांचे परीक्षा विभागप्रमुख ठाण्यात हजर. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. फाईलमध्ये दोन पानी टाइप केलेली फिर्याद, तारीख-वार घालून, टाचणी लावून. ज्याच्या घरी चोरी होते, तो माणूस ठाण्यात येतो तेव्हा त्याला धड पत्तासुद्धा सांगता येत नाही. आधी पाणी मागतो. या गृहस्थांनी माझ्याकडे पाणी मागितलं नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी शिकलेला माणूस म्हणून सोडून दिलं, ही माझी पहिली चूक.

फिर्याद अशी होती: पेपर महालातल्या एका बाईच्या दुकानात टाइप करून घेतला. टायपिंग सुरू झाल्यापासून संपेपर्यंत फिर्यादी स्वतः समोर बसून प्रूफ तपासत होते. दुकानात तिसरं कोणीही नव्हतं. काम झाल्यावर फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि संगणकावरची पुसायला लावली. मात्र सदर महिलेची मुलगी त्याच परीक्षेला बसणार आहे, असं समजतं. सबब तिच्यावर संशय आहे.

संशय घ्यायला जागा होतीच. मी गुन्हा दाखल केला आणि हवालदाराला दोन पंच आणि एक महिला शिपाई देऊन जप्तीसाठी पाठवलं. तासाभरात त्याचा फोन. "साहेब, बाई पंचनाम्यावर सही नाही करत. भलती आडमुठी हाये."

मी वैतागूनच गेलो. गल्लीतलं दुकान चार पावलांत संपणारं. पुढं लाकडी काउंटर, बाहेर गिऱ्हाइकासाठी स्टूल. आत बाईची खुर्ची. हवालदारानं मोठा स्क्रीन, कीबोर्ड, माउस आणि एक टॅब काउंटरवर रचून ठेवला होता. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'संगणक संच, एक नग. टॅब, एक नग.' बाई हाताची घडी घालून उभी. चाळिशीची असेल. डोळ्यांत पाणी नव्हतं, संताप होता.

"काहून सही करत नाही, ताई?" मी विचारलं.

"खोट्यावर काहून करू, साहेब? संगणक संच लिहिलं यायनं. कम्प्युटर तर नेऊनच नाही राहिले. तो काय तिथं हाये."

तिनं बोट दाखवलं. देवाच्या फोटोखालच्या फळीवर पोळीच्या डब्यापेक्षाही लहान अशी एक काळी डबी होती. तोच तिचा संगणक. हवालदार चाचरला. "साहेब, मले वाटलं सेट-टॉप बॉक्स हाये."

"दुकानात टीव्ही कुठं आहे?"

पंच खाली बघून हसले. हवालदारानं छताकडं बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. पाकीटमार नुसत्या चालीवरून ओळखायचा. पण त्याच्या लेखी कम्प्युटर म्हणजे टेबलाखालचा भलामोठा डबा.

मी मात्र हसलो नाही. उभ्या नोकरीत पोलिसांपासून वस्तू लपवणारे शेकड्यानं पाहिले. 'अहो, खरी वस्तू तुम्ही विसरलात' असं सांगून हातात देणारा आरोपी एकही पाहिला नव्हता.

"एका माणसाला दोन पडदे कशाला लागतात?" मी विचारलं. फिर्यादीत या टॅबबद्दल अवाक्षर नव्हतं.

तिनं सरळ माझ्याकडं बघितलं. "पयले मोठा कम्प्युटर होता, एकच पडदा. प्रूफ पाहाले लोक आत येत. खुर्चीमागं उभं राहून माझ्या खांद्यावर वाकत. चांगले शिकले-सवरलेले, साहेब. किती डाव म्हणू, जरा दूर व्हा जी? मंग हे लहान घेतलं, जागा मोकळी केली, काउंटर आडवा टाकला. टॅब लावला बाहेर तोंड करून. मी जे टाइप करते ते त्यायले तिकडं दिसते. आता आत पाय नाही टाकू देत कोनाले."

महिला शिपाई मान हलवत होती. मी मुलीचं विचारलं. "पोरीनं फॉर्म भरला, हे मी त्या सायबाले पयल्याच दिवशी सांगितलं. म्हटलं, हे काम दुसरीकडं द्या. ते म्हणे, तुमच्यावर विश्वास आहे. साहेब, मले आत टाकलं तर माझ्या पोरीले परीक्षेले कोन बसू देईल?"

नवरा बुटीबोरीच्या कापड गिरणीत पाळीवर. त्याला अजून काही ठाऊकच नव्हतं. मी पंचनामा दुरुस्त करून 'लहान आकाराचा संगणक' अशी वेगळी नोंद घ्यायला लावली. तिनं ओळ न् ओळ वाचली आणि मग सही केली.

दुपारी चारला वरच्या साहेबांचा फोन आला. "बाईची अटक दाखवा. सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही, तेव्हा आत्ताच उरका. संध्याकाळी पत्रकारांना सांगायचंय."

"साहेब, पुरावा नाही."

"मुलगी परीक्षेला बसतेय. अजून काय पुरावा पाहिजे?"

"लेखी आदेश पाठवा साहेब, लगेच करतो."

साहेबांनी आवाज खाली आणला. मग, "नोकरीची किती वर्षं राहिलीत तुमची?"

"दोन."

"नीट काढायचीत ना?"

"नीटच काढतोय साहेब," मी म्हणालो आणि फोन ठेवला. स्टेशन डायरी पुढं ओढून त्या फोनची नोंद मी स्वतःच्या अक्षरात, वेळेसकट केली. खरं सांगतो, बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायबर सेलच्या मॅडमनी त्या डबीतल्या माहितीची नक्कल काढून घेतली. मग त्याच पंचांसमोर दुकान होतं तसं मांडलं. बाई खुर्चीवर, मी स्टुलावर. माझ्यासमोर उभा टॅब. त्यात अख्खं पान दिसत होतं. आतला स्क्रीन आडवा, त्यावर एका वेळी अर्धंच पान. मी एक मजकूर सांगत गेलो, बाई दोन्ही हातांनी टाइप करत गेली आणि माझ्या पुढ्यात अक्षरं उमटत गेली. एक वाक्य अर्ध्यावर आलं आणि मला त्या फोटोतला तुटका प्रश्न आठवला. तो कापला गेलेला नव्हता. तो तेव्हा लिहून व्हायचाच होता.

मी गुपचूप मोबाईल काढला, टॅबचा फोटो घेतला आणि मोबाईल खिशात टाकला. "ताई, मी आत्ता काय केलं?"

"काय केलं? सांगता सांगता थांबले तुमी."

तिच्या बाजूनं टॅबची नुसती काळी पाठ दिसत होती. मॅडमना त्या डबीत पेपरच्या आपोआप साठलेल्या प्रती सापडल्या. त्यांतल्या एका प्रतीत तो प्रश्न नेमका त्याच शब्दावर तुटलेला होता, आणि तिच्यावर वेळही होती. म्हणजे फोटो टायपिंग चालू असताना निघाला होता, आणि फोटोत अख्खं पान होतं, जे एका वेळी फक्त टॅबवरच दिसायचं; म्हणजे तोही स्टुलाच्या बाजूनं. बाईनं सांगितली नसती तर ती डबी देवाच्या फोटोखालीच राहिली असती.

फिर्यादीला मी सन्मानानं बोलावलं. चहा दिला. म्हटलं, "पुरवणी जबाब घ्यायचाय. तुम्ही पूर्ण वेळ स्टुलावर होतात ना? मधे उठलात?"

"एक क्षणही नाही. गोपनीय काम होतं."

"आणि बाई? ती बाहेर आली?"

"काम संपेपर्यंत नाही."

मी ते लिहून घेतलं, त्यांना वाचून दाखवलं. मग फोटोची प्रत पुढं ठेवली. "शेवटचा प्रश्न वाचा." त्यांनी वाचला आणि अर्ध्यावर थांबले.

"पुढं वाचा."

"पुढं नाहीये."

"का नाहीये?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तिचे दोन्ही हात कीबोर्डवर होते. टॅब तुमच्याकडं तोंड करून होता. तिसरं कोणी नव्हतं, हे तुम्हीच लिहून दिलंय. मग हा फोटो कोणाच्या हातानं निघाला?"

या वेळी त्यांनी पाणी मागितलं.

पाणी पिऊन त्यांनी कबूल केलं, पण पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, म्हणून मी तेवढ्यावर विसंबलो नाही. त्यांचा मोबाईल पंचांसमक्ष जप्त केला, त्यात तो फोटो मिळाला. नंदनवनमध्ये राहणारा त्यांचा भाचा त्याच परीक्षेला बसणार होता. मामानं फोटो भाच्याला दिला, भाच्याला तो पोटात ठेवता आला नाही. काम संपलं की बाई उठून बाहेर येणार, म्हणून शेवटचं पान घाईत अर्ध्यावरच टिपलं होतं. मुलीचं ठाऊक असल्यामुळंच त्यांनी हे दुकान निवडलं का, ते मी सिद्ध करू शकलो नाही. माझं मत विचाराल तर होय, त्यासाठीच.

परीक्षा पुढं ढकलली, पेपर नवा निघाला, बाईची मुलगी परीक्षेला बसली. दोषारोपपत्र गेलं. महिन्याभरात माझी बदली नियंत्रण कक्षात झाली. उरलेली नोकरी मी तिथं फोन उचलण्यात काढली. कुणाकडं अर्ज केला नाही, कुणाच्या पाया पडलो नाही. आजही तोच फोन आला तर तेच उत्तर देईन.

या प्रकरणानं मला एक गोष्ट उशिरा शिकवली. जो मुकाट्यानं सही करतो त्याला आम्ही सरळ म्हणतो, आणि जो आधी वाचून बघतो त्याला आडमुठा. टाचणी लावलेली फिर्याद मला खरी वाटली, आणि हाताची घडी घालून उभी राहिलेली बाई संशयित. पुरुषांनी अंगावर वाकू नये म्हणून तिनं स्वतःच्या अकलेनं एक सोय केली, आणि तीच सोय आम्ही तिच्या नावावर गुन्हा म्हणून लावायला निघालो होतो. याची मला लाज वाटते, आणि ती मी लपवत नाही.

मध्यंतरी पेन्शनचा एक अर्ज टाइप करून घ्यायला त्याच दुकानात गेलो. तीच डबी, तोच टॅब, बाहेर तोंड करून. बाईनं ओळखलं, हसली, मुलगी आता दवाखान्यात नर्स असल्याचं सांगितलं. मी स्टुलावर टेकणार तोच तिनं आतून एक स्टीलची ताटली पुढं सरकवली.

"साहेब, मोबाईल इथं ठेवा."

"अहो ताई, मी आहे!"

"माहीत हाये जी. इथं बसून फोटो कसा काढते, ते तुमीच तर दाखवलं."

मी मुकाट्यानं मोबाईल ताटलीत ठेवला आणि अर्जाचा मजकूर सांगायला लागलो.