पिस्तुलाची तडकलेली मूठ

“तू गप ऱ्हव. पिस्तूल मीच चोरलंय म्हनून सांगतंय. पोरीचे दिवस भरत आलेत, तिच्याजवळ तू पायजेस.”

शारजातल्या पोलीस ठाण्याच्या बाकावर रत्नागिरीकडचा एक म्हातारा सुतार जावयाला दबक्या आवाजात सांगत होता. मी समोरच होते, पण त्यांना माझी भीती वाटली नाही. नव्वदच्या दशकात मी तिथे दुभाषी होते. बोलायचे हिंदी, लिहायचे इंग्रजी. मला मराठी येत असेल असं कुणाला वाटत नसे आणि मीही कधी सांगितलं नव्हतं.

खबर वॉचमनची होती. अल मजाज भागातल्या या दोघांच्या फ्लॅटचं दार उघडं होतं आणि जेवणाच्या टेबलावर पिस्तूल दिसलं. पथक पोचलं तेव्हा पिस्तूल टॉवेलात होतं, लाकडी मूठ सुटी करून बाल्कनीत ठेवलेली. पिस्तूल परवान्याचं, जावई ज्या अरबाबाकडे ड्रायव्हर होता त्या मालकाचं.

“भाग सुटे करून विकणार होते,” अधिकारी म्हणाले.

“हां साब, मैंने चुराया,” म्हातारा लगेच म्हणाला. “दामाद को कुछ मालूम नहीं.”

“कहाँ से?”

“अरबाब के कपाट से.”

मालकाने पिस्तूल गाडीत ठेवल्याचं सांगितलं होतं. म्हाताऱ्याचं उत्तर जुळत नव्हतं, पण अधिकारी कंटाळले होते. “खलास. लिहून घे.”

जप्त केलेली मूठ टेबलावर होती. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिच्याभोवती घट्ट गुंडाळली होती. पोळपाटाचा पाय निखळला की माझे बाबा सरस लावून अगदी असंच बांधून ठेवत. मी पट्टी सोडायची परवानगी मागितली. खाली तडा होता, ताजा, नीट जुळवलेला.

“सर, विकायचं असतं तर कुणी दुरुस्त करत बसलं नसतं.”

अधिकाऱ्यांनी मालकाला फोन लावला. मूठ धड होती, तो म्हणाला. म्हणजे पिस्तूल जावयाच्या हातून पडून तडा गेला होता. मालकाला कळण्याआधी सासऱ्याकडून मूठ सांधून परत ठेवायची, एवढाच बेत.

पुढचं आत्ताच सांगते. चोरीचा आरोप गळाला, म्हातारा सुटला. विनापरवाना शस्त्र घरी नेल्याबद्दल जावयाला शिक्षा झाली आणि त्याला भारतात परत पाठवलं. बाळ शारजातच झालं, त्याच्या माघारी. मालक ठाण्यात हळहळला, “हबीबी, मला सांगायचं तरी! नवी बसवून घेतली असती.” नोकरीच्या भीतीपायी तेवढंच सांगायचं राहिलं होतं.

स्वतःसाठी खोटं बोलणारा माणूस अडखळतो. दुसऱ्यासाठी खोटं बोलणारा सरळ डोळ्यांत बघतो. हे मी त्या म्हाताऱ्याकडून शिकले.

त्या दिवशी फोन ठेवून अधिकाऱ्यांनी मला विचारलं, “तू समोरच होतीस. बाकावर हे दोघं काय कुजबुजत होते?” म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. जावयाची मान खाली. मग त्या ठाण्यात मी पहिल्यांदा मराठीत बोलले.

“काका, मला सगळं समजलंय. आता जावयाचं जावयाला बोलू द्या.”